उरलेली उसळ

सोमवार, ११ जानेवारी १९९९. सकाळी पावणेआठच्या सुमारास सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या प्राणिगृहात पांढऱ्या उंदरांची एक मादी व्यालेली आढळली. पिल्लांपैकी तीन मेलेली होती. जी जिवंत होती त्यांचे मागचे पाय गुडघ्यातून उलट्या बाजूला वळलेले होते.

पिल्ले पहिल्यांदा दीपमालाने पाहिली. पिंजऱ्यांतला भुसा बदलणे, पाण्याच्या बाटल्या भरणे आणि खाद्य टाकणे हे तिचे काम. कंपनी सांधेदुखीवर एक वनस्पतींचे औषध तयार करत होती आणि ते उंदरांवर तपासत होती. ही मादी मात्र औषधाच्या गटातली नव्हती. तुलनेसाठी ठेवलेल्या, निरोगी समजल्या जाणाऱ्या गटातली होती. तिला कधी काही टोचलेले वा पाजलेले नव्हते.

दीपमालाने एक पिल्लू तळहातावर घेतले. त्याचा पाय बोटाने सरळ केला आणि सोडला. पाय पुन्हा उलटा गेला. तिने परत तसेच करून पाहिले. मग पिल्लू हातात धरूनच ती प्राणिगृहाच्या प्रमुख डॉ. प्रतिभा चांदवडकर यांच्या खोलीत गेली.

"मॅडम, हे बघा. आमच्या सार्थकसारखं."

सार्थक हा तिचा मुलगा. तो त्या महिन्यात दोन वर्षांचा झाला होता आणि अजून उभा राहिला नव्हता. उभे धरले की त्याचे गुडघे मागे जात. मांडीचे हाड खुब्यातून निसटत असे आणि ते परत बसताना होणारा आवाज शेजारच्या माणसाला ऐकू येई. बसवले की पाठीला कुबड येई. सांधे बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा जन्मजात विकार आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तो कशाने झाला, हे सांगितले नव्हते. दीपमालाने प्रत्येक डॉक्टरला ते विचारले होते.

प्रतिभा चांदवडकर पशुवैद्यक होत्या आणि ऊतींची तपासणी हा त्यांचा विषय होता. त्यांनी पिल्लू भिंगाखाली धरले आणि पाय एकेक करून हलवले. दीपमाला दारातच उभी होती.

"मॅडम, हे कशानं होतं?"

"रक्तात असतं हे. आईबापाकडून येतं," भिंगावरची नजर न काढता प्रतिभा म्हणाल्या.

त्या उंदराविषयी बोलत होत्या. दीपमालाने विचारले होते ते मात्र दोघांविषयी.

ते वाक्य त्याच संध्याकाळी मखमलाबादच्या शिवारात पोचले. तिथे दीपमालाचे सासरे गोटीराम यांचा मळा होता. मेथी, पालक, कोथिंबीर आणि बांधाच्या कडेने झेंडू. दीपमालाने नवऱ्याला, जीवनला, हळू आवाजात सांगितले, पण चूल त्याच खोलीत होती आणि सासू आक्काबाई चुलीपुढे होत्या.

"घ्या. आता तर मोठ्या मॅडमच बोलल्या," आक्काबाई म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी लंगडं झालेलं दाखव मला. तुझ्या मामाचा पाय कसा व्हता, ते सांग की जीवनला."

दीपमालाचे माहेर येवल्याकडचे, कांदा पिकवणारे घर. तिचे मामा गेणू आयुष्यभर काठीने चालले आणि १९९४ साली वारले.

"गेणूमामा बैलगाडीवरून पडला व्हता, आत्याबाई. लहान असताना."

"कुणी बघितला पडताना?"

"आई, जेवू दे," जीवन म्हणाला.

"जेव ना बाबा. मी काय ताट ओढलंय? रक्तातलं हाय म्हणत्यात, तेवढंच बोलले."

फेब्रुवारीत आणखी एका मादीला तशीच पिल्ले झाली आणि एप्रिलमध्ये तिसरीला. मेलेल्या पिल्लांच्या गुडघ्यांचे पातळ काप करून प्रतिभांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वाढणाऱ्या हाडाच्या टोकाला कूर्चेचा एक थर असतो आणि त्यात पेशी एकावर एक, भाकरींच्या चवडीसारख्या रचलेल्या असतात. ही चवड नीट रचली जाते म्हणून हाड सरळ वाढते आणि सांध्याला आकार येतो. या पिल्लांत चवडी कलंडल्या होत्या. पेशी होत्या, पण त्यांना सांभाळून धरणारे धागे विस्कटलेले होते. धागे तयार होत होते, त्यांच्यातल्या गाठी मात्र बसत नव्हत्या. चिमटीत धरून ओढले की कूर्चेचा थर हाडापासून सुटून येई.

कंपनीच्या संचालकांना हे आवडले. सांध्यांच्या आनुवंशिक विकाराची स्वतःची जात असलेले प्राणिगृह देशात फारसे कुणाकडे नव्हते. लेख लिहायला घ्या, असे त्यांनी प्रतिभांना सांगितले. भांडारपाल खंडेराव गमतीत म्हणाले, "मॅडम, आता आपल्या उंदरांच्या सोयरिकी जुळवायला पत्रिका काढून ठेवायला पाहिजेत. लांबलांबून स्थळं येणार."

आनुवंशिकता दाखवायची तर वाकड्या पिल्लांच्या नात्यातल्या उंदरांचा बाहेरच्या उंदरांशी संकर करावा लागतो. त्यासाठी प्रतिभांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून निरोगी नर आणि माद्या मागवल्या. त्यांतली एक मादी येतानाच गाभण होती. ती नाशिकला आल्यावर चारच दिवसांत व्याली आणि पिल्ले सरळ पायांची निघाली. तिची पुढची वीण जुलैत झाली. नरही पुण्याचाच होता. ती पिल्ले वाकडी आली.

प्रतिभा त्या पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. रक्त दोन्हीकडून पुण्याचे होते. नाशिकचे होते ते फक्त हवा, पाणी, भुसा आणि खाद्य.

त्या भांडारात गेल्या.

"खंडेराव, खाद्य कुठलं चाललंय आपलं?"

"दिवाळीपासून इथलंच. तयार खाद्याच्या गोळ्यांची गाडी यायची बंद झाली तेव्हा साहेबच म्हणले, इथंच जमवा. गहू, हरभरा, दाणा. भरडून देतो."

"दाणा म्हणजे?"

खंडेरावांनी पोत्यात हात घालून मूठ उघडली. दाणे गोल, काळपट तपकिरी आणि वाटाण्यापेक्षा बारीक होते.

"हा वाटाणा नाही."

"वेलीचाच हाय की. आपल्या दीपमालाच्या घरचा. निवडून, पाखडून आणते बिचारी. उंदरं मिटक्या मारत खातात."

दीपमाला बाटल्या धूत होती. तिला बोलावले तेव्हा तिने लगेच सांगितले. तो स्वीट पीचा दाणा होता. फुलांचा वेल, कुंपणावर चढवतात तो. घरी पडून होता आणि भांडाराला दाणा हवा होता, म्हणून आणला.

"मॅडम, खराब नाय तो. आम्ही पण खाल्लाय."

प्रतिभांनी उचललेले दाणे परत पोत्यात टाकले.

"कधी?"

"सार्थक पोटात व्हता तेव्हा."

त्या दाण्याविषयी प्रतिभांनी विद्यार्थी असताना वाचले होते. फार जुने प्रयोग होते ते. स्वीट पीचे बी खाऊ घातलेल्या वाढत्या उंदरांची हाडे वाकतात, कूर्चा सैल पडते, पाठीला कुबड येते. बियांतला एक घटक धाग्यांच्या गाठी बसू देत नाही. पूर्ण वाढलेल्या जनावराला त्याने फारसे दिसण्यासारखे काही होत नाही. परीक्षेला येत नाही म्हणून ते पान त्यांनी सोडले होते. आता त्यांनी पुस्तक काढून ते वाचले. माणसात असे झाल्याची नोंद त्या पानावर नव्हती, आणि पुढचे दोन दिवस शोधूनही त्यांना ती कुठे सापडली नाही.

लेख थांबवावा लागेल, असे त्यांनी संचालकांना सांगितले. संचालक रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "म्हणजे नऊ महिने आपण उंदरांना विष घालत होतो, आणि हे आपणच छापायचं?" लेख थांबला. छापले दुसरेही काही गेले नाही.

तोपर्यंत दीपमालाला पुन्हा दिवस गेले होते. ते लपवण्यासारखे राहिले नव्हते तेव्हाच प्रतिभांना कळले, आणि घरात काय ठरले आहे तेही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले होते की गर्भ काढायचा असेल तर पोळ्याच्या आत या, नंतर कायद्याने करता येणार नाही. आक्काबाईंनी दिवस धरून ठेवला होता. रक्तातलेच असेल तर दुसरे मूलही तसेच होईल, आणि दोन दोन सार्थक उचलायला घरात हात नाहीत, हे त्यांचे म्हणणे जीवनला खोडता येत नव्हते. ते म्हणणे प्रतिभांच्या वाक्यावर उभे होते.

रविवारी दुपारी प्रतिभा मखमलाबादला गेल्या. वाटेत चिखल होता आणि मळ्यात पालकाच्या जुड्या बांधणे चालू होते. आक्काबाईंनी चहा ठेवला. गोटीराम खाटेवर बसले होते, जीवन दाराशी. सार्थकला भिंतीला टेकवून, दोन्ही बाजूंनी उशा लावून बसवले होते. त्याच्या हातात कोथिंबिरीची काडी होती आणि तो तिची पाने खुडत होता.

"दाण्याचं विचारायला आलेय," प्रतिभा म्हणाल्या.

गोटीरामांनी सांगितले. पंच्याण्णवच्या थंडीत एका रोपवाटिकेच्या माणसाने बी दिले होते. वेल वाढवायचे, फुले तोडायची नाहीत आणि बी धरून त्यालाच परत द्यायचे. बी तयार झाले तेव्हा तो म्हणाला, रंगांची भेसळ झाली, नको. तीन पोती घरात राहिली.

"फेकायचं मनात आलं नाही?"

"मॅडम, मातीतून आलेलं फेकत्यात का? आधी शेळीला घातलं. चार दिवस बघितलं. शेळीला काय नाय झालं. मंग भिजवून, शिजवून बघितलं. आमच्याकडं नवा दाणा असाच घेत्यात."

"शेळी मोठी होती ना?"

"मोठीच. दोन वेताची."

"आणि त्याची उसळ सगळ्यांनी खाल्ली?"

"सगळ्यांनी," आक्काबाई चुलीजवळून म्हणाल्या. "एकाच पातेल्यातली. माझ्या पायाला काय झालं? ह्यांच्या? जीवनच्या? तेव्हा रक्त म्हणालात, आता दाणा म्हणता. उद्या काय म्हणाल?"

"तेव्हा मी चुकले. मी उंदराचं बोलत होते, आणि तेही चुकीचं बोलले. मला एवढंच सांगा, कुणी किती खाल्ली?"

आक्काबाईंनी चहा ओतला. मग दीपमाला बोलली. ती चौकटीला धरून उभी होती आणि सासूकडे पाहत नव्हती. सासऱ्यांना ती दादा म्हणे.

"कडू लागायची. दादांनी एक घास खाल्ला आणि म्हणले, लोणचं दे. ह्यांनी ताटात सोडली. आत्याबाईंचा मंगळवार, शुक्रवार वणीच्या देवीचा उपास असतो. बाकीच्या दिवशी त्या भाजीच घ्यायच्या."

"आणि पातेल्यात उरलेली?"

"उरलेली मी. शेवटी बसते ना मी जेवायला. उरलेलं संपवायचंच असतं."

"किती दिवस?"

"पोतं अर्धं झालं तोवर. सहा महिने तरी. भाजी मार्केटला जायची. घरात हीच शिजायची. पोटात बाळ, भूक लय लागायची."

गोटीरामांनी कप खाली ठेवला. जीवन बायकोकडे बघत राहिला. सहा महिने रोज तिच्याआधी जेवून उठला होता, आणि पातेल्यात काय उरते ते त्याने कधी पाहिले नव्हते.

"मी वाढायची ते सगळ्यांना सारखं वाढायची," आक्काबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "कुणी नाय खाल्लं तर मी काय करू? बाईमाणसानं उरलेलं खायाचं, ते काय मी काढलं? मी पण तेच खाल्लं जलमभर."

"तुमचा दोष आहे असं कुणी म्हणत नाही," प्रतिभा म्हणाल्या.

"म्हणायला कशाला पाहिजे?"

जीवनने सरळ विचारले. "मॅडम, ह्या दाण्यानंच सार्थकला झालं का? हो का नाय, एवढं सांगा."

"सांगता येत नाही. उंदरांना या दाण्यानं होतं, हे नक्की. माणसाला झाल्याचं कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही. होत नाही असंही लिहिलेलं नाही."

"मंग उपेग काय तुमच्या शिकण्याचा?"

त्याने ते शांतपणे विचारले. प्रतिभांनीही शांतपणे उत्तर दिले. दाणा बंद करून महिना होत आला होता. ज्यांना वाकडी पिल्ले झाली होती त्यांतल्याच दोन माद्या स्वच्छ खाद्यावर ठेवल्या होत्या आणि दोन्ही गाभण होत्या. पोळ्याच्या आठवडाभर आधी त्या वितील. पिल्ले सरळ आली तर एवढे ठरेल की दोष माद्यांच्या रक्तात नव्हता, आणि दाणा थांबला की विकार थांबतो. सार्थकविषयी त्यातून सिद्ध काहीच होणार नाही, हेही त्यांनी सांगितले.

"सरळ आली तर ठेवू," जीवन म्हणाला. "वाकडी आली तर दवाखाना."

"कुणाची वाकडी, उंदराची?" आक्काबाई म्हणाल्या. "उंदरं बघून पोरं ठेवायची आता."

दीपमालाला कुणी विचारले नाही. ती सार्थकची निसटलेली उशी नीट करत होती.

त्या रात्री गोटीरामांनी उरलेले पोते मळ्याच्या टोकाच्या उकिरड्यात ओतले आणि वर शेण टाकले. प्रतिभांनी बरणीभर दाणे मागून घेतले होते, तेवढे राहिले.

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी केंद्राचे नवे नियम आदल्या वर्षी आले होते. प्रत्येक प्राणिगृहाची नोंदणी आणि तपासणी व्हायची होती. तपासणीची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडली. संचालकांनी भिंतींना रंग द्यायला सांगितले. रंगारी आले त्या दिवशी प्रतिभा पुण्याला गेल्या होत्या, बरणीतल्या दाण्यांची तपासणी कुठे करता येईल ते विचारायला. जाताना गाभण माद्यांचे पिंजरे हलवायचे नाहीत, असे त्या कुणाला सांगून गेल्या नाहीत. व्यायला टेकलेल्या जनावराला हलवायचे नसते, हे कुणालाही सांगावे लागेल असे त्यांना वाटले नव्हते. आणि खंडेरावांना वाटले, हलवायचे नसते तर मॅडम सांगून गेल्या असत्या.

दीपमाला त्या दिवशी कामावर नव्हती. सार्थकचा खुबा सकाळी निसटला होता आणि तो बसवायला ती दवाखान्यात गेली होती.

रंगाऱ्यांनी पिंजरे बोळात ओळीने लावले. बोळात उजेड होता, रंगाचा वास होता आणि शिड्यांची ओढाओढ चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा आल्या तेव्हा दोन्ही माद्या व्यालेल्या होत्या. एकीच्या पोटाशी सात पिल्ले होती. दुसरीच्या पिंजऱ्यात भुशावर रक्त होते आणि एक शेपूट. घाबरलेली मादी आपली पिल्ले खाते. दीपमालानेही हे पूर्वी पाहिलेले होते. तिने शेपूट कागदावर घेतले आणि मॅडमपुढे धरले.

"ह्यावरून नाय कळणार काय?"

"नाही."

सातही पिल्लांचे पाय सरळ होते. दीपमालाने ते एकेक करून दाबून, सोडून पाहिले.

संध्याकाळी प्रतिभा तिच्याबरोबर मखमलाबादला गेल्या. अर्धी बातमी तिच्यावर टाकायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी दोन्ही पिंजऱ्यांचे सांगितले, रंगाचे सांगितले आणि आपण सूचना दिली नव्हती तेही सांगितले.

"एकीची सरळ, एकीची खाल्ली," जीवन म्हणाला. "हे कसं धरायचं?"

"एकीची सरळ, एवढंच धरा."

"जिनं खाल्ली तिला ठाऊक असंल," आक्काबाई म्हणाल्या.

जीवन खाली मान घालून बसला. आणखी एक वीण बघता येईल का, असे त्याने विचारले. तीन आठवडे लागतील, प्रतिभा म्हणाल्या. पोळा पुढच्या गुरुवारी होता.

"मंग आईचं बरोबर हाय. नशिबावर सोडायचं नसंल तर दवाखाना."

"मी ठेवणार," दीपमाला म्हणाली.

सार्थक तिच्या कडेवर होता. त्याचा एक पाय तिच्या कमरेभोवती होता आणि दुसरा गुडघ्यातून मागे लोंबत होता.

"दीपमाले, हे तुझं एकटीचं हाय का?"

"उसळ एकटीनंच खाल्ली ना, आत्याबाई."

गोटीराम उठून गोठ्यात गेले. पोळ्याच्या दिवशी बैल धुतले, रंगवले आणि गावातून मिरवून आणले. दवाखान्यात कुणी गेले नाही.

त्या पावसाळ्यानंतर घरात एक फरक झाला. दीपमाला आक्काबाईंच्या आधी जेवू लागली. तसे कुणी ठरवले नव्हते. आक्काबाई तिचे ताट वाढून ठेवत आणि चुलीपुढेच पाठ करून बसत. भाकरी, मेथी, वरण. काय शिजवले आहे ते त्या वाढण्याआधी स्वतः चाखत. बोलत मात्र नसत.

डिसेंबरमध्ये उकिरड्यावर वेल उगवले आणि बांधाच्या काटेरी कुंपणावर चढले. जानेवारीत त्यांना फुले आली. गुलाबी, जांभळी, काही पांढरी. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत. एका सकाळी आक्काबाई एकट्याच गेल्या आणि सगळे वेल मुळासकट उपटले. शेंगा धरायला लागल्या होत्या त्या वेगळ्या केल्या आणि चुलीत घातल्या. शेजारच्या नवसाबाईंनी विचारले, "एवढी छान फुलं, का गं काढली?" आक्काबाई म्हणाल्या, "किडली व्हती."

फेब्रुवारी २००० मध्ये दीपमालाला मुलगी झाली. वजन चांगले होते. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनी तिचे खुबे हातांनी फिरवून पाहिले आणि आज तरी ठीक वाटतात असे सांगितले. नाव पूजा ठेवले. सार्थकच्या वेळीही जन्मताना कुणाला काही वेगळे दिसले नव्हते, याची आठवण त्या दिवशी कुणी काढली नाही.

त्याच वर्षी कंपनीने प्राणिगृह बंद केले. तपासणीत काही सुधारणा सांगितल्या होत्या आणि त्या करण्यापेक्षा बंद करणे कंपनीला सोपे वाटले. उंदीर मारण्यात आले. त्यांत ती सात पिल्लेही होती, तोवर पूर्ण वाढलेली आणि नीट चालणारी. मारण्यापूर्वी प्रतिभांनी त्यांच्या गुडघ्यांचे काप करण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. चवडी सरळ होत्या. काचा त्यांनी घरी कपाटात ठेवल्या. बरणीतल्या दाण्यांत तो घटक सापडल्याचा अहवाल पुण्याहून आला, त्याची प्रत त्यांनी जीवनला नेऊन दिली. त्याने ती घडी घालून देव्हाऱ्यामागे ठेवली. सार्थकच्या कातडीचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवला होता. तिथून उत्तर आले की धागे कमकुवत आहेत, कारण निश्चित करता येत नाही.

गेणूमामांविषयी प्रतिभांनी येवल्याला जाऊनही विचारले. मामांची बहीण म्हणजे दीपमालाची आई कुसाबाई. ती म्हणाली, गाडीवरून पडला तेव्हा मी पाळण्यात होते. मोठी माणसे सांगायची, पडायच्या आधीही तो उशिराच चालला होता. काही जण तसे सांगायचे, काही जण नाही म्हणायचे.

हे प्रतिभांनी दीपमालाला सांगितले. ती म्हणाली, "बरं." आणि पूजाला दुसऱ्या कडेवर घेतले.

मार्च २००१ मध्ये, तेरा महिन्यांची असताना, पूजा पाण्याच्या पिंपाला धरून उभी राहिली. आक्काबाई भाजी निवडत होत्या. त्यांनीच आधी पाहिले आणि हाक मारली. जीवन, दीपमाला, गोटीराम सगळे आले. भिंतीशी बसलेल्या सार्थकने टाळ्या वाजवल्या. मुलगी थोडा वेळ उभी होती. डावा गुडघा सरळ राहिला. उजवा किंचित मागे गेला आणि ती बसली. आक्काबाई म्हणाल्या, पहिल्यांदा उभं राहिलेलं पोर असंच बसतं. दीपमालाने तिला पुन्हा उभे केले नाही.

एप्रिलमध्ये तिचा एक्स-रे काढला. एका डॉक्टरांच्या मते उजव्या खुब्याची वाटी थोडी उथळ आहे. दुसऱ्यांच्या मते या वयात एवढे चालते, कित्येक मुलांचे गुडघे सैल असतात आणि चालायला लागल्यावर घट्ट होतात. दोघांनीही एकच सांगितले, सहा महिन्यांनी पुन्हा आणा.

पुढची तारीख ऑक्टोबरची आहे. पूजा अजून आधाराशिवाय चाललेली नाही.